क्यूएक्यूक्यूआयएनआय

क्यूएक्यूक्यूआयएनआय ही आयबीएम कंपनीच्या ‘आयबीएम आय’ या कार्यकारी प्रणालीतील क्वेरी पर्यायांची फाइल आहे. या प्रणालीतील डीबी२ डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची, म्हणजेच क्वेरींची, उत्तरे कोणत्या मार्गाने शोधावीत हे ऑप्टिमायझर नावाचा घटक ठरवतो. त्याचे वर्तन या फाइलमधील नोंदी बदलून नियंत्रित करता येते. फाइलची प्रत क्यूयूएसआरएसवायएस या लायब्ररीत ठेवल्यास तिच्यातील नोंदी संपूर्ण संगणकाला लागू होतात. अन्य लायब्ररीत ठेवल्यास ज्या कामांना ती नेमून दिली असेल तेवढ्यांनाच लागू होतात. हा फरक वरकरणी केवळ लायब्ररीच्या नावाचा असला, तरी परिणामांच्या दृष्टीने तोच या विषयाचा गाभा आहे.

आयबीएमने प्रणालीबरोबर पुरवलेल्या वस्तूंची नावे बहुधा ‘क्यू’ या अक्षराने सुरू होतात. शेवटची तीन अक्षरे प्रारंभिक मूल्ये साठवणाऱ्या फाइलींच्या ‘इनी’ या रूढ नावाची आहेत. सात अक्षरांचे पूर्ण नाव उच्चारण्यास कठीण असल्याने प्रशासक तिला नुसती ‘इनी फाइल’ म्हणतात, आणि या लेखातही पुढे तेच नाव वापरले आहे. ‘क्वेरी’साठी मराठीत ‘पृच्छा’ हा चांगला शब्द उपलब्ध आहे; तथापि संगणकाच्या व्यवहारात तो रुळलेला नाही. तसेच या प्रणालीत विशेष मूल्यांच्या आधी तारांकन लिहिण्याची पद्धत आहे; वाचनाच्या सोयीसाठी येथे ते गाळले आहे.

पार्श्वभूमी

आयबीएमने २१ जून १९८८ रोजी एएस/४०० हा मध्यम श्रेणीचा व्यावसायिक संगणक जाहीर केला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथे त्याची रचना झाली. १९७८ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम/३८ या संगणकाची वास्तुरचना आणि सिस्टिम/३६ या लोकप्रिय लहान संगणकाचा ग्राहकवर्ग या दोहोंचा वारसा त्याच्याकडे आला. कारखाने, बँका, विमा कंपन्या, घाऊक व्यापारी अशा ठिकाणी हिशेब, साठा, ऑर्डर आणि पगार यांची कामे तो करू लागला. पुढे त्याची नावे वारंवार बदलली. २००० मध्ये तो आयसिरीज झाला, २००६ मध्ये सिस्टिम आय झाला, आणि २००८ पासून पॉवर सिस्टिम्स या संगणकांवर चालणारी कार्यकारी प्रणाली ‘आयबीएम आय’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मूळ ओएस/४०० ती हीच. अनेक जुन्या कार्यालयांत मात्र आजही ‘एएस/४००’ हेच नाव चालते.

या संगणकाचे एक वैशिष्ट्य प्रस्तुत विषयासाठी महत्त्वाचे आहे. इतर बहुतेक संगणकांवर डेटाबेस हे कार्यकारी प्रणालीवर वेगळे बसवलेले सॉफ्टवेअर असते. येथे तो प्रणालीचाच अंगभूत भाग आहे. त्यामुळे पगाराचा कार्यक्रम, गोदामातील पडदा, व्यवस्थापकाने वैयक्तिक संगणकावरून मागवलेला अहवाल आणि संकेतस्थळावरून आलेली विचारणा हे सगळे एकाच डेटाबेसपाशी येऊन मिळतात. संपूर्ण प्रणालीला लागू होणारा एखादा बदल म्हणूनच या सगळ्यांना एकाच वेळी स्पर्श करतो.

ऑप्टिमायझरचे कार्य

एसक्यूएल भाषेतील क्वेरी ‘काय हवे’ ते सांगते. ‘ते कसे शोधावे’ हे सांगत नाही. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानाचे हेच मर्म होते. पण ‘कसे’ हे कोणालातरी ठरवावेच लागते, आणि ते काम ऑप्टिमायझरकडे येते. निरनिराळ्या मार्गांच्या खर्चाचा अंदाज बांधून त्यांतील स्वस्त मार्ग निवडण्याची पद्धत आयबीएमच्या सिस्टिम आर या संशोधन प्रकल्पात विकसित झाली. पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७९ मधील शोधनिबंध तिचा पाया मानला जातो.

समजा, एका घाऊक व्यापाऱ्याच्या ऑर्डरींच्या तक्त्यात १० लाख ओळी आहेत आणि एका विशिष्ट ग्राहकाच्या ऑर्डरी हव्या आहेत. त्या ग्राहकाच्या चाळीसच ऑर्डरी असतील, तर ग्राहक क्रमांकाच्या इंडेक्समधून थेट त्या ओळींकडे जाणे श्रेयस्कर ठरते. परंतु निम्म्या ऑर्डरी त्याच ग्राहकाच्या असतील, तर इंडेक्समधून पाच लाख वेळा इकडून तिकडे उड्या मारण्यापेक्षा तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सरळ वाचून काढणेच जलद होते. ग्रंथाच्या शेवटी दिलेल्या सूचीचे असेच असते. क्वचित आलेला शब्द सूचीतून लगेच सापडतो. पानोपानी आलेला शब्द शोधायला सूची उघडणे व्यर्थ असते. क्वेरी दोन्ही वेळा शब्दशः सारखीच आहे, तरी योग्य मार्ग वेगळा आहे.

एकाहून अधिक तक्ते जोडायचे असतील तेव्हा निवड अधिक गुंतागुंतीची होते. ग्राहक, ऑर्डरी आणि माल हे तीन तक्ते कोणत्या क्रमाने जोडावेत, याचे सहा क्रम संभवतात. सात तक्त्यांसाठी ही संख्या ५०४० होते. आधी कोणत्या तक्त्यातील किती ओळी गळून पडतील, याचा अंदाज चुकला की क्षणात संपणारे काम तासभर चालू शकते. ऑप्टिमायझर हे अंदाज तक्त्यांतील ओळींची संख्या, मूल्यांच्या वाटपाची आकडेवारी, उपलब्ध इंडेक्स, स्मृतीचा वाटा आणि प्रोसेसरांची संख्या यांवरून बांधतो. इनी फाइलमधील पर्याय या हिशेबातील काही गृहीतकांवर आणि काही निर्णयांवर मर्यादा घालतात. त्यांमुळे डेटाबेस अधिक हुशार होत नाही. विशिष्ट बाबतीत त्याची निवड बाजूला सारून माणसाची निवड लागू होते.

२००२ मध्ये आलेल्या ओएस/४०० च्या आवृत्ती ५ प्रकाशन २ पासून या प्रणालीत दोन क्वेरी इंजिने नांदू लागली. जुन्याला सीक्यूई म्हणजे क्लासिक क्वेरी इंजिन, तर नव्याला एसक्यूई म्हणजे एसक्यूएल क्वेरी इंजिन असे म्हणतात. नव्या इंजिनाचे ऑप्टिमायझर यंत्राच्या अधिक खालच्या स्तरावर, आकडेवारीच्या जवळ काम करते आणि तयार केलेले मार्ग ‘प्लॅन कॅशे’ या सामायिक साठ्यात जपून ठेवते. सुरुवातीला थोड्याच क्वेरी नव्या इंजिनाकडे जात. प्रत्येक आवृत्तीत त्यांचे प्रमाण वाढत गेले.

फाइलची रचना

इनी फाइल हा एक साधा तक्ता आहे. तिच्यात तीन स्तंभ असतात. पहिल्यात पर्यायाचे नाव, दुसऱ्यात त्याचे मूल्य आणि तिसऱ्यात स्पष्टीकरणाचा मजकूर असतो. प्रत्येक पर्यायाला एक ओळ असून मूळ फाइलमध्ये सर्व मूल्ये ‘डीफॉल्ट’ अशी लिहिलेली असतात. एखाद्या पर्यायाची ओळच नसेल, तरी त्याचे डीफॉल्ट मूल्य गृहीत धरले जाते. मूल्य बदलण्यासाठी वेगळे साधन लागत नाही. एसक्यूएलच्या ‘अपडेट’ विधानाने दुसऱ्या स्तंभातील मजकूर बदलला की काम झाले. डेटाबेसचे वर्तन डेटाबेसमधील तक्त्यानेच ठरवण्याची ही योजना सुबक आहे. पण इतक्या सहज होणाऱ्या कृतीचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, हे तिच्या साधेपणामुळे चटकन लक्षात येत नाही.

मूळ फाइल क्यूएसवायएस या प्रणालीच्या लायब्ररीत असते. तिला हात लावू नये. ती नमुन्यादाखल आहे. नव्या आवृत्तीच्या स्थापनेच्या वेळी क्यूएसवायएसमधील वस्तू बदलल्या जात असल्याने तिथे केलेले फेरफार टिकण्याची शाश्वतीही नसते. प्रशासकाने हव्या त्या लायब्ररीत तिची प्रत करून त्या प्रतीत बदल करावेत, अशी अपेक्षा असते.

प्रत करण्याची रीत

प्रत करण्यासाठी सीआरटीडीयूपीओबीजे ही आज्ञा वापरतात. वस्तूची हुबेहूब दुसरी वस्तू तयार करणे हे तिचे काम आहे. आज्ञेत मजकुरासह प्रत हवी, असे स्पष्टपणे सांगावे लागते. अन्यथा ओळी नसलेली रिकामी फाइल तयार होते. फाइलींचा मजकूर एकीकडून दुसरीकडे नेणारी सीपीवायएफ ही आज्ञा अनेकांच्या अधिक सवयीची असली, तरी ती येथे चालत नाही. कारण इनी फाइलला ट्रिगर जोडलेले असतात. ट्रिगर म्हणजे तक्त्यात नोंद घालताच, बदलताच किंवा पुसताच आपोआप चालणारे छोटे कार्यक्रम. नव्याने लिहिलेले मूल्य वैध आहे का हे ते तपासतात आणि झालेला बदल डेटाबेसला कळवतात. मूल्य चुकीचे असेल तर बदल नाकारला जातो आणि एसक्यूएल०४४३ या क्रमांकाचा संदेश मिळतो. मजकुराची नुसती नक्कल केली तर ओळी येतात, पण ट्रिगर येत नाहीत. आणि ट्रिगरविना ती फाइल दिसायला तंतोतंत असूनही इनी फाइल म्हणून निरुपयोगी असते.

अधिकारांचाही विचार करावा लागतो. फाइल सर्वांना वाचता आली पाहिजे, कारण प्रत्येकाच्या क्वेरीला तिचा आधार घ्यायचा असतो. तिच्यात बदल करण्याचा अधिकार मात्र मोजक्या प्रशासकांपुरताच ठेवणे इष्ट होय.

व्याप्तीचे स्तर

या प्रणालीत संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक कामाला ‘जॉब’ म्हणतात. कोणताही जॉब सुरू होतो तेव्हा त्याची क्वेरी पर्यायांची लायब्ररी क्यूयूएसआरएसवायएस हीच असते. तिथे इनी फाइल आढळली तर तिच्यातील मूल्ये लागू होतात. न आढळल्यास सर्व पर्याय डीफॉल्टवर राहतात. त्यामुळे क्यूयूएसआरएसवायएसमध्ये प्रत ठेवणे म्हणजेच प्रणालीव्यापी बदल करणे. त्यासाठी वेगळी घोषणा करावी लागत नाही आणि संगणक पुन्हा सुरू करावा लागत नाही. मूल्य बदलल्यानंतर नव्याने उघडल्या जाणाऱ्या क्वेरींना ते लागू होते. आधीच उघडून चालू असलेल्या क्वेरी मात्र जुन्याच मार्गाने पुढे जातात. त्यामुळे बदलानंतर काही काळ एकाच संगणकावर जुनी आणि नवी अशी दोन्ही वर्तने दिसू शकतात.

दुसरा स्तर जॉबचा. सीएचजीक्यूआरवायए या आज्ञेने एखाद्या जॉबला पर्यायांची वेगळी लायब्ररी नेमून देता येते. त्यासाठी जॉब-नियंत्रणाचा विशेष अधिकार लागतो. रात्रीच्या अहवालांसाठी एक लायब्ररी, दिवसाच्या पडद्यांसाठी दुसरी, अशी विभागणी यामुळे शक्य होते. वर्षअखेरीच्या एकाच जड कामाला समांतर प्रक्रिया हवी असेल, तर त्या जॉबच्या सुरुवातीला ही एक आज्ञा लिहिणे पुरते. साऱ्या प्रणालीला वेठीला धरण्याचे कारण नसते.

तिसरा स्तर आणखी अरुंद आहे. क्यूएसवायएस२ मधील ओव्हरराइड_क्यूएक्यूक्यूआयएनआय ही कार्यपद्धती जॉबच्या स्वतःच्या तात्पुरत्या लायब्ररीत, म्हणजे क्यूटेम्पमध्ये, सध्याच्या इनी फाइलची प्रत तयार करते. पहिल्या हाकेत प्रत उभी राहते, दुसऱ्या हाकेत हवे ते मूल्य लिहिले जाते आणि तिसऱ्या हाकेत सगळे मोडीत निघते. इतर कोणालाही त्याची चाहूल लागत नाही. प्रयोगासाठी ही सर्वांत निर्धोक जागा आहे.

याखेरीज काही बाबी क्वेरीतच लिहिता येतात. पहिल्या काही ओळी लवकर हव्यात, असे ‘ऑप्टिमाइझ फॉर’ या वाक्यांशाने त्या एका क्वेरीपुरते सांगता येते. आणि ज्या अडचणीसाठी पर्याय बदलण्याचा विचार चालू असतो, तिचे मूळ अनेकदा योग्य इंडेक्स नसण्यात असते. इंडेक्स तयार केल्यावर ऑप्टिमायझर त्याचा उपयोग आपणहून करतो आणि पर्यायाची गरजच उरत नाही.

क्वेरीच्या कालमर्यादेचा पर्याय

इनी फाइलमधील पर्याय अनेक आहेत. त्यांतील क्वेरी_टाइम_लिमिट हा सर्वाधिक मोहात पाडणारा आणि बहुधा सर्वाधिक गैरसमज झालेला आहे. त्यात सेकंदांची मर्यादा लिहितात. डीफॉल्ट असताना क्यूक्यूआरवायटीआयएमएलएमटी हे प्रणाली-मूल्य लागू होते आणि ते मुळात ‘नोमॅक्स’, म्हणजे अमर्याद, असे असते.

ही मर्यादा घड्याळ लावून पाळली जात नाही, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. क्वेरी सुरू होण्यापूर्वीच ऑप्टिमायझर तिला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधतो आणि तो अंदाज मर्यादेपेक्षा मोठा असेल तर सीपीए४२५९ हा विचारणा-संदेश पाठवतो. त्याला ‘सी’ असे उत्तर दिल्यास क्वेरी रद्द होते. ‘आय’ असे उत्तर दिल्यास मर्यादा दुर्लक्षून ती चालते. म्हणजे दहा सेकंदांचा अंदाज असलेली क्वेरी प्रत्यक्षात तासभर चालली, तरी या मर्यादेचा तिला अडथळा होत नाही. आणि प्रत्यक्षात तीन सेकंदांत संपली असती अशी क्वेरी केवळ फुगलेल्या अंदाजापायी अडकून पडू शकते.

पडद्यासमोर बसलेल्या माणसाला असा संदेश दिसला तर तो उत्तर देतो. रात्री चालणाऱ्या पगाराच्या जॉबसमोर कोणीच बसलेले नसते. विचारणा प्रणाली चालकाच्या संदेश-रांगेत जाऊन पडते आणि उत्तर मिळेपर्यंत जॉब ‘एमएसजीडब्ल्यू’, म्हणजे संदेशाच्या प्रतीक्षेत, या स्थितीत थांबून राहतो. त्याच्यामागे रांगेत उभे असलेले जॉबही थांबतात. दिवसा एका विश्लेषकाच्या जड अहवालांना आळा घालावा म्हणून क्यूयूएसआरएसवायएसमध्ये लिहिलेले एक मूल्य अशा रीतीने त्या विश्लेषकाशी काडीचाही संबंध नसलेले महिनाअखेरचे काम अडवू शकते. ठराविक संदेशांची ठरलेली उत्तरे प्रणालीच्या उत्तरसूचीत नोंदवून यावर उपाय करता येतो. परंतु उत्तर ‘सी’ ठरवले तर पगाराची क्वेरी मुकाट्याने रद्द होईल आणि ‘आय’ ठरवले तर मर्यादेला अर्थच राहणार नाही. ही मर्यादा विशिष्ट जॉबांना वेगळ्या लायब्ररीतून लावणे अधिक शहाणपणाचे ठरते, ते यामुळेच.

याच पर्यायाचा एक उपयोग मात्र सुंदर आहे. आपल्या जॉबपुरती मर्यादा शून्य केली आणि डीबग अवस्था सुरू ठेवली, तर प्रत्येक क्वेरी चालण्यापूर्वीच अडते आणि रद्द करता येते. पण तोपर्यंत ऑप्टिमायझरने निवडलेला मार्ग आणि त्याची कारणे संदेशांत नोंदलेली असतात. लक्षावधी ओळी न वाचता क्वेरीची परीक्षा घेता येते. तात्पुरता साठा किती वापरता येईल याची अशीच अंदाजावर आधारलेली मर्यादा स्टोरेज_लिमिट या पर्यायाने घालता येते.

अन्य प्रमुख पर्याय

ऑप्टिमायझेशन_गोल या पर्यायाने उद्दिष्ट सांगता येते. ‘फर्स्ट आयओ’ म्हणजे पहिले पानभर उत्तर लवकर द्यावे, मग पूर्ण उत्तराला वेळ लागला तरी चालेल. ‘ऑल आयओ’ म्हणजे संपूर्ण उत्तर कमीत कमी वेळात द्यावे. पडद्यावर यादी चाळणाऱ्याला पहिले सोयीचे, अहवाल छापणाऱ्याला दुसरे. डीफॉल्ट असताना क्वेरी कोणत्या माध्यमातून आली त्यावरून उद्दिष्ट ठरते. संपूर्ण प्रणालीसाठी एकच उद्दिष्ट ठरवणे म्हणजे या दोघांपैकी एकाची गैरसोय कायमची मान्य करणे.

पॅरलल_डिग्री हा पर्याय एका क्वेरीचे काम किती समांतर भागांत वाटावे ते ठरवतो. डीफॉल्ट असताना येथेही क्यूक्यूआरवायडीईजीआरईई हे प्रणाली-मूल्य वापरले जाते आणि ते सुरुवातीला ‘नन’ असते. ‘ऑप्टिमाइझ’ लिहिल्यास ऑप्टिमायझर स्मृतीतील आपल्या जॉबचा वाटा लक्षात घेऊन हात राखून काम करतो; ‘मॅक्स’ लिहिल्यास जणू सारी स्मृती त्या एकाच क्वेरीसाठी मोकळी आहे असे समजतो. एकट्याने चालणाऱ्या रात्रीच्या जॉबबाबत ते खरे असू शकते. दुपारी शेकडो वापरकर्ते असताना प्रत्येक क्वेरीने तसे समजणे सर्वांनाच महागात पडते.

फोर्स_जॉइन_ऑर्डर हा पर्याय ‘यस’ केल्यास तक्ते क्वेरीत ज्या क्रमाने लिहिले आहेत त्याच क्रमाने जोडले जातात. ऑप्टिमायझरचा क्रम चुकतो आहे असे सिद्ध झालेल्या एखाद्या क्वेरीसाठी तो तोडगा ठरतो. प्रणालीव्यापी वापरासाठी मात्र तो जवळजवळ नेहमीच अयोग्य आहे, कारण त्याने प्रत्येक क्वेरी लिहिणाऱ्याच्या अजाणता निवडलेल्या क्रमाला आदेशाचे स्वरूप येते. साठवलेला मार्ग पुन्हा केव्हा तपासावा हे ठरवणारा रीऑप्टिमाइझ_ॲक्सेस_प्लॅन, अंतिम उत्तरे साठवून ठेवण्याबाबतचा कॅशे_रिझल्ट्स आणि डीबग संदेश चालू करणारा मेसेजेस_डीबग हेही वापरातील पर्याय होत.

व्युत्पन्न इंडेक्स आणि क्रमाचा प्रश्न

प्रणालीव्यापी बदल करणे खरोखर योग्य ठरले, असे एक उदाहरण या फाइलच्या इतिहासात आहे. आणि त्याच उदाहरणात अशा बदलाचा धोकाही स्पष्ट दिसतो.

एएस/४०० च्या जुन्या कार्यक्रमांत लॉजिकल फाइली मोठ्या प्रमाणावर वापरल्या जात. त्यांतील काही फाइली तक्त्यातील निवडक ओळींचाच इंडेक्स ठेवीत. उदाहरणार्थ, केवळ चालू ग्राहकांचा, बंद खाती वगळून. नवे एसक्यूई इंजिन आले तेव्हा अशा व्युत्पन्न इंडेक्सांचा अर्थ लावणे त्याला शक्य नव्हते. एखाद्या तक्त्यावर असा एक जरी इंडेक्स आढळला, तरी क्वेरी जुन्या इंजिनाकडे परत पाठवली जाई, मग त्या इंडेक्साचा क्वेरीशी काही संबंध असो वा नसो. वर्षानुवर्षे साचलेल्या लॉजिकल फाइली असलेल्या कार्यालयांत याचा परिणाम असा झाला की, नवे इंजिन यंत्रावर असूनही क्वेरींना त्याचा लाभ मिळेना.

यावर इग्नोर_डिराइव्ह्ड_इंडेक्स हा पर्याय होता. तो ‘यस’ केला की नवे इंजिन असे इंडेक्स दुर्लक्षून क्वेरी स्वतःच चालवी. कारण सर्वत्र सारखेच असल्याने हा पर्याय क्यूयूएसआरएसवायएसमध्ये बदलणे तर्काला धरून होते, आणि अनेकांनी ते केले. २००८ मधील आवृत्ती ६ प्रकाशन १ पासून आयबीएमने ‘यस’ हेच डीफॉल्ट केले.

तरीही या बदलाने काही ठिकाणी गोंधळ उडाला, आणि त्याचे कारण वेगाशी निगडित नव्हते. क्वेरीत ‘ऑर्डर बाय’ लिहिलेले नसेल, तर ओळी कोणत्या क्रमाने येतील याचे कोणतेही आश्वासन एसक्यूएल देत नाही. प्रत्यक्षात मात्र जुने इंजिन एखादा ठराविक इंडेक्स वापरीत असल्यामुळे ओळी नेहमी ग्राहक क्रमांकाच्या क्रमाने येत, आणि कार्यक्रम लिहिणाऱ्याने नकळत त्यावरच भिस्त ठेवलेली असे. नव्या इंजिनाने दुसरा मार्ग निवडताच तोच अहवाल वेगळ्या क्रमाने छापून येऊ लागे. ग्राहक बदलला की उपबेरीज छापणाऱ्या कार्यक्रमात एकाच ग्राहकाच्या ओळी विखुरल्या गेल्या, तर उपबेरजा तुकड्यातुकड्यांनी येतात. उत्तरातील ओळी तितक्याच आणि त्याच असूनही हिशेब चुकीचा दिसतो. यात दोष पर्यायाचा नव्हे. तो क्वेरीत आधीपासून होता आणि इतकी वर्षे झाकलेला राहिला. तथापि ज्या सकाळी अहवाल बिघडतो, त्या सकाळी हा भेद लेखापालाला पटवून देणे सोपे नसते.

बदलाची पडताळणी आणि माघार

प्रणालीव्यापी बदल करण्यापूर्वी इनी फाइलची प्रत आधी वेगळ्या लायब्ररीत करून, स्वतःच्या जॉबला ती नेमून, महत्त्वाच्या क्वेरी तपासाव्यात, ही मान्य रीत आहे. दैनंदिन कामापेक्षा महिनाअखेरीच्या आणि वर्षअखेरीच्या क्वेरींची तपासणी अधिक अवघड असते, कारण त्या एरवी चालत नाहीत आणि म्हणून कोणाच्या ध्यानात राहत नाहीत. मार्गातील फरक ‘व्हिज्युअल एक्स्प्लेन’ या आकृतीरूप साधनाने, डेटाबेस मॉनिटरच्या नोंदींतून किंवा प्लॅन कॅशेच्या बदलापूर्वी आणि बदलानंतर घेतलेल्या छायाप्रतींची तुलना करून पाहता येतो. ही तुलना करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. संगणक पूर्णतः बंद करून पुन्हा सुरू केला की प्लॅन कॅशे रिकामा होतो. त्यामुळे बदलाआधीची छायाप्रत वेळीच घेतली नसेल, तर नंतर तुलनेसाठी काहीच उरत नाही.

माघार घेणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. मूल्य पुन्हा ‘डीफॉल्ट’ असे लिहिता येते किंवा क्यूयूएसआरएसवायएसमधील फाइलच काढून टाकता येते. अवघड असते ते बदल कोणी, केव्हा आणि कशासाठी केला हे कळणे. फाइलच्या तिसऱ्या स्तंभात स्पष्टीकरण लिहिण्याची जागा असली, तरी तिथे बहुधा आयबीएमचा मूळ मजकूरच तसाच राहिलेला असतो. एखाद्या जुन्या आवृत्तीतील त्रुटीवर उपाय म्हणून लिहिलेले मूल्य ती त्रुटी दूर झाल्यानंतरही नव्या यंत्रावर स्थलांतरित होत राहते, कारण क्यूयूएसआरएसवायएसमधील फाइल साठवणुकीबरोबर पुढे जाते. यासाठी डीफॉल्टहून भिन्न असलेल्या ओळी प्रत्येक आवृत्तीबदलाच्या वेळी वेगळ्या काढून तपासणे हितावह ठरते. तीन स्तंभांच्या तक्त्यावर एका ओळीची क्वेरी चालवली की त्या समोर येतात.

अन्य डेटाबेसांतील समकक्ष सोयी

ऑप्टिमायझरची गृहीतके बदलण्याची सोय इतर डेटाबेसांतही आहे. फक्त तिची जागा वेगळी असते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ही मूल्ये एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहितात, किंवा २०१४ मध्ये आलेल्या ९.४ या आवृत्तीपासून ‘ऑल्टर सिस्टिम’ या विधानाने बदलतात. त्याखालोखाल डेटाबेस, वापरकर्ता आणि सत्र असे अरुंद होत जाणारे स्तर आहेत. तक्ता सरळ वाचून काढण्याचा मार्ग नाउमेद करणारा तिथला पर्याय क्वेरीचा अभ्यास करताना एका सत्रापुरता बंद-चालू करण्यासाठी आहे. ओरॅकलमध्येही ‘ऑप्टिमायझर मोड’ हे मूल्य संपूर्ण प्रणालीसाठी किंवा एका सत्रासाठी ठरवता येते आणि क्वेरीतच लिहायच्या सूचनांची, म्हणजे ‘हिंट’ची, परंपरा तिथे विशेष रुजली आहे. आयबीएम आयचे वेगळेपण असे की, येथे पर्याय हा तक्ता आहे आणि व्याप्ती ही लायब्ररी आहे. त्यामुळे एकाच फाइलच्या अनेक प्रती एकाच वेळी निरनिराळ्या जॉबांवर अंमल करू शकतात.